दलालाचा महिना

घर भाड्यानें देणाऱ्या गृहस्थाचें वर्ष बारा महिन्यांचें नसून अकरा महिन्यांचें असतें, असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं; कारण एक महिना दलालाचा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बिऱ्हाडकरू मिळवून देणारा दलाल घरमालकाकडून साधारणतः एका महिन्याचें भाडें घेतो, आणि पुष्कळदां बिऱ्हाडकरूकडूनहि तेवढेंच घेतो. रक्कम एकदम द्यावी लागते म्हणून ती मनाला लागते. पुढें प्राप्तिकराचें विवरणपत्र भरावयास बसलें म्हणजे ज्या-त्या घरांत एकच प्रश्न निघतो: “जें आपल्या हातीं राहिलेंच नाहीं, त्यावर आपण कर कां भरावा? ही दलाली भाड्यांतून वजा करावयास काय हरकत आहे?”

प्रश्न रास्त दिसतो, पण त्याचें उत्तर नकारार्थी आहे. सामान्य घरमालकानें दिलेली दलाली प्राप्तिकराच्या हिशेबांत निराळी वजा होत नाहीं. तथापि एवढ्यावर विषय संपत नाहीं. ती कां वजा होत नाहीं, तिच्या बदल्यांत काय मिळतें, आणि हें समजल्यावर गृहस्थानें आपला व्यवहार कसा राखावा, हे तीन प्रश्न पुढें उभे राहतात. एकत्र कुटुंबांत आणखी एक चौथा निघतो. तो भावाभावांतील हिशेबाचा. त्यांचा क्रमानें विचार करूं.

घराचें भाडें हें प्राप्तिकराच्या कायद्यांत ‘घरापासूनचें उत्पन्न’ या स्वतंत्र सदराखालीं येतें. १९६१ च्या कायद्यांत हा विषय कलम २२ ते २७ यांत आला आहे. त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यास दिलेली असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. नव्या कायद्यानें कलमांचे आंकडे बदलले. वजावटींचें कलम पूर्वीं २४ वें होतें, तें आतां २२ वें झालें. मात्र या सदराची मूळ रचना त्यानें मोडलेली नाहीं. ती रचना अशी: प्रथम वर्षाचें भाडें घ्यावें; त्यांतून मालकानें त्या वर्षांत स्वतः प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करावी; राहील तें ‘वार्षिक मूल्य’. या वार्षिक मूल्यांतून दोनच वजावटी मिळतात. एक, मूल्याच्या ३० टक्के रक्कम सरसकट. आणि दुसरी, घरासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज. यापुढें उरेल तें करपात्र उत्पन्न.

ज्यांना मीमांसाशास्त्राचा थोडाबहुत परिचय आहे त्यांच्या लक्षांत येईल कीं, हा परिसंख्येचा प्रकार आहे. अमुक पांच पंचनख प्राणी भक्ष्य आहेत असें शास्त्रानें सांगितलें, तर त्याचें तात्पर्य ते पांच खाण्याच्या आज्ञेंत नसून त्या पांचांवांचून इतर खाऊं नयेत या निषेधांत असतें. वजावटींचें कलमहि तसेंच आहे. दोन वजावटी नांवानिशीं सांगितल्या, याचा अर्थ तिसरी नाहीं. दलाली, रंगरंगोटी, नळदुरुस्ती, विम्याचा हप्ता, भाडें वसूल करणाऱ्या माणसाचा पगार, कराराचा मुद्रांक व नोंदणी यांपैकीं कोणाचेंहि नांव तेथें नाहीं. म्हणून त्यांपैकीं कांहींहि निराळें मागतां येत नाहीं. मग हे सर्व खर्च गेले कोठें? ते त्या ३० टक्क्यांत बसविलेले आहेत. व्याकरणांत कित्येक शब्दांची सिद्धि पायरीपायरीनें न दाखवितां पाणिनि तयार रूपच पुढें ठेवतो आणि त्यास निपातन म्हणतात. तीस टक्के हें कायद्यानें केलेलें असेंच एक निपातन होय. तुमचा खर्च किती झाला, पावती कोठें आहे, दलाल कोण, हें कोणी विचारीत नाहीं. तयार आंकडा तुमच्या हातीं देतात.

पूर्वीं असें नव्हतें. १९६१ चा कायदा प्रथम झाला तेव्हां दुरुस्तीसाठीं वार्षिक मूल्याचा सहावा हिस्सा मिळे; भाडें वसूल करण्याचा खर्च सहा टक्क्यांच्या मर्यादेंत निराळा मिळे; आणि विमा, जमिनीचें भाडें, जमीनमहसूल यांच्या ओळी आणखी वेगळ्या. प्रत्येक ओळीमागें पावती, आणि प्रत्येक पावतीमागें अधिकाऱ्याची शंका. पुढें हा पसारा क्रमाक्रमानें आंखडत गेला, आणि २००१ च्या वित्त-अधिनियमानें सर्व किरकोळ ओळी पुसून त्यांच्या जागीं ३० टक्के हा एकच आंकडा लिहिला. तो २००२-०३ या आकारणीवर्षापासून चालत आला आहे. ज्याचा खर्च तीस टक्क्यांहून कमी होतो त्याचा यांत लाभ आहे, आणि ज्याचा अधिक होतो त्याची हानि. परंतु दोघांचीहि कागदपत्रांच्या जाचांतून सुटका झाली, हें नाकबूल करतां येणार नाहीं.

आतां आंकड्यांनीं पाहूं. समजा, एका गृहस्थानें आपलें घर दरमहा २०,००० रुपयांनीं दिलें आहे. वर्षाचें भाडें २,४०,००० रुपये. त्यानें घरपट्टी १०,००० रुपये भरली. तेव्हां वार्षिक मूल्य २,३०,००० रुपये. त्याचे ३० टक्के म्हणजे ६९,००० रुपये वजा जातां १,६१,००० रुपये करपात्र राहतात. कर्ज नाहीं असें धरूं. या गृहस्थानें दलालास २०,००० रुपये दिले असोत, वा कोणा स्नेह्याच्या ओळखीनें बिऱ्हाडकरू मिळून एक पैहि खर्च झाली नसो, १,६१,००० हा आंकडा तसूभरहि हलत नाहीं.

पुष्कळ घरीं मात्र निराळाच हिशेब चालतो. पहिल्या महिन्याचें भाडें परस्पर दलालाकडे गेलेलें असतें, म्हणून भाडें अकराच महिन्यांचें, म्हणजे २,२०,००० रुपये, दाखवितात. घरपट्टी जाऊन २,१०,००० रुपये. त्यांतून पुन्हां ३० टक्के म्हणजे ६३,००० रुपये वजा करून १,४७,००० रुपयांवर कर भरतात. येथें एकाच खर्चाची वजावट दोनदां घेतली जाते; एकदां उघड, आणि एकदां तीस टक्क्यांच्या पोटांत. उत्पन्न १४,००० रुपयांनीं कमी दिसतें. ज्याच्या उत्पन्नाच्या वरच्या थराला २० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण २०.८ टक्के, लागतो, त्याचा कर २,९१२ रुपयांनीं कमी भरला जातो. एवढ्या रकमेसाठीं पुढें व्याज व प्रसंगीं दंड यांचें बोलावणें अंगावर घेणें शहाणपणाचें नव्हे.

आणि ही गोष्ट झांकून राहते अशीहि समजूत कोणी करून घेऊं नये. नोकरदार बिऱ्हाडकरू घरभाडेभत्त्यावरील सवलत मागतो तेव्हां, वर्षाचें भाडें १,००,००० रुपयांहून अधिक असल्यास, त्याला घरमालकाचा पॅन क्रमांक आपल्या कचेरींत द्यावा लागतो, आणि तेथें तो पूर्ण भाडें लिहितो. भाडें दरमहा ५०,००० रुपयांवर असेल तर साध्या खासगी बिऱ्हाडकरूसहि त्यांतून उगमस्थानींच कर कापून सरकारांत भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून या कपातीचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. ही कपात पूर्ण भाड्यावर होते, दलाली जाऊन उरलेल्या रकमेवर नव्हे. सारांश, आपल्या वहींत अकरा महिने आणि सरकारच्या वहींत बारा, असा प्रसंग ओढवतो.

आतां व्यवहाराच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट सांगतों. तीस टक्के सरसकट मिळतात याचा एक परिणाम सहसा ध्यानांत येत नाहीं: दलालीचा प्रत्येक रुपया घरमालकाच्या खिशांतून संपूर्ण जातो, आणि वांचविलेला प्रत्येक रुपया संपूर्ण राहतो. दुकानदारानें दलाली दिली तर त्याचें करपात्र उत्पन्न तेवढें घटतें, म्हणून तिचा कांहीं अंश कराच्या रूपानें परत आल्यासारखा होतो. घरमालकाच्या बाबतींत तसें होत नाहीं.

याची तुलना रिकाम्या महिन्याशीं करावी. भाड्यानें दिलेलें घर मध्यें कांहीं काळ रिकामें राहिलें, आणि त्या रिकामेपणामुळें भाडें कमी आलें, तर प्रत्यक्ष आलेलें भाडेंच हिशेबांत धरतात. म्हणजे रिकाम्या महिन्याचे २०,००० रुपये गेले, तरी त्यांवरील करहि गेला. त्यांतील ७० टक्के, म्हणजे १४,००० रुपये, करपात्र झाले असते; त्यांवरचे २,९१२ रुपये वांचले. खरी हानि १७,०८८ रुपयांची. दलालाला एका महिन्याचें भाडें दिलें तर मात्र हानि पुरत्या २०,००० रुपयांची. आणि दलाल वस्तु व सेवा कराखालीं नोंदलेला असल्यास त्यावर १८ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, आणखी. तेव्हां ज्या दलालामुळें घर केवळ एक महिना लवकर लागतें, तो आपली किंमत भरून काढीत नाहीं. दोन महिने वांचवील तर अवश्य काढील. ‘घर रिकामें ठेवण्यापेक्षां दलाल बरा’ हें वाक्य सरसकट खरें नव्हे. किती महिने वांचणार हें विचारूनच तें खरें कीं खोटें तें ठरवावें.

याच ठिकाणीं अकरा महिन्यांच्या कराराचा विचार करणें प्राप्त आहे. अकरा महिन्यांची चाल कां पडली? १९०८ च्या नोंदणी-कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणें सक्तीचें. तो त्रास चुकविण्यासाठीं लोक अकरा महिन्यांवर थांबत. महाराष्ट्रापुरतें पाहतां हें कारण आतां उरलेलें नाहीं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९, याच्या ५५ व्या कलमानें ‘लीव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार, मुदत कितीहि असो, लेखी करून नोंदविणें आवश्यक केलें असून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. नोंदणी अकरा महिन्यांच्या करारालाहि चुकत नाहीं आणि छत्तीस महिन्यांच्या करारालाहि चुकत नाहीं. मग अकरालाच कां चिकटून राहावें?

दर अकरा महिन्यांनीं नवा करार, आणि दर कराराला दलालाचा महिना, असा क्रम चालला तर पंचावन्न महिन्यांत पांच महिन्यांचें भाडें दलालाकडे जातें. वरील घरांत ही रक्कम १,००,००० रुपये होते, आणि पंचावन्न महिन्यांचें भाडें ११,००,००० रुपये. म्हणजे अकरावा हिस्सा, शेंकडा नऊंहून थोडा अधिक. उलट, छत्तीस महिन्यांचा एकच करार आणि एकदांच दलाली असेल तर ७,२०,००० रुपयांच्या भाड्यांत २०,००० रुपये जातात; हें प्रमाण शेंकडा तीनाच्याहि आंत राहतें. सरकारी तीस टक्के दोन्हीकडे सारखेच. तेव्हां हा फरक सबंध घरमालकाच्या पदरीं पडतो, आणि त्यावर वेगळा कर नाहीं. दरवर्षीं भाडें किती वाढावें तें याच करारांत आरंभींच लिहून ठेवतां येतें. मुद्रांकाचा दरहि लांब मुदतीला निराळा नाहीं. साठ महिन्यांपर्यंतच्या अशा कराराला भाडें व अनामत रकमेचा ठरीव हिशेब मिळून होणाऱ्या एकूण आंकड्यावर पाव टक्का पडतो.

लांब मुदत दिली तर बिऱ्हाडकरू घराला चिकटून बसेल, ही भीति जुन्या पागडीच्या काळांतील आहे आणि ती समजण्यासारखीहि आहे. पण त्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमानें, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून ताबा मिळविण्याचा निराळा मार्ग ठेविला असून, तो राहील तितक्या दिवसांचें दुप्पट भाडें नुकसानभरपाई म्हणून ठरविलें आहे. हें संरक्षण लेखी व नोंदलेल्या करारावर उभें राहतें. मुदत अकरा महिन्यांचीच असावी अशी अट त्यांत नाहीं. दलालाशीं बोलणी करतांना मात्र एक गोष्ट आधींच ठरवून घ्यावी: तोच बिऱ्हाडकरू पुढें राहिला तर दलाली पुन्हां द्यावयाची काय? कित्येक दलाल नूतनीकरणाची अर्धी दलाली मागतात, आणि तिच्यासाठीं त्यांनीं काय श्रम केले हें विचारण्याचा संकोच आपणांस वाटतो. आधीं ठरविलें म्हणजे मागाहून संकोच उरत नाहीं.

परदेशांत हाच प्रश्न कसा सोडविला आहे, हें पाहणें बोधप्रद होईल. इंग्लंडांत कराराच्या मुदतीकडे पाहतात. एक वर्ष वा त्याहून कमी मुदतीनें घर दिलें तर दलालाचें शुल्क त्या वर्षाच्या भाड्यांतून वजा होतें. परंतु एक वर्षाहून अधिक मुदतीनें घर प्रथमच दिलें तर तें शुल्क भांडवली खर्च समजून भाड्यांतून वजा देत नाहींत. अमेरिकेंत तिसराच मार्ग आहे. तेथें दलाली हा कराराच्या सबंध मुदतीसाठीं केलेला खर्च मानतात आणि त्या मुदतीवर तो समान पसरतात. छत्तीस महिन्यांच्या करारासाठीं १,८०० डॉलर दलाली दिली तर दरमहा ५० डॉलर, म्हणजे पूर्ण वर्षास ६०० डॉलर, वजा होतात. करार जुलैपासून सुरू झाला तर पहिल्या वर्षीं ३०० डॉलरच. बिऱ्हाडकरू मध्येंच करार संपवून गेला तर पसरावयाची राहिलेली रक्कम त्याच वर्षीं वजा घेतां येते. न्यायाच्या दृष्टीनें ही पद्धत सर्वांत काटेकोर आहे. मात्र तीन-तीन वर्षें एका पावतीचा पाठपुरावा करीत राहावें लागतें. इंग्लंडनें मुदत पाहिली, अमेरिकेनें प्रत्येक महिना मोजला, आणि आपण मोजण्याचीच कटकट काढून टाकली.

ही तुलना केवळ कुतूहलाची नव्हे. आज पुष्कळ मराठी कुटुंबांत मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत असून तेथें त्यांचें घर आहे. असें कोणी कायमचें स्वदेशीं परत आलें आणि तेथील घर भाड्यानें दिलें, तर येथील पक्के निवासी झाल्यावर त्या घराचें भाडें येथील विवरणपत्रांतहि दाखवावें लागतें. मग त्याच घराचे दोन हिशेब होतात. तेथें दलाली मुदतीवर पसरलेली, आणि इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांवर वांटलेला. येथें दोहोंपैकीं एकहि नाहीं, फक्त तीस टक्के. तेथील विवरणपत्रांतील निव्वळ आंकडा उचलून येथें लिहिणें म्हणून चुकीचें ठरतें. तेथें भरलेल्या कराचें श्रेय दोन देशांमधील करारानुसार येथें मागतां येतें. पण उत्पन्न मोजावयाचें तें येथील रीतीनेंच.

आतां चौथा प्रश्न, एकत्र कुटुंबाचा. वडिलार्जित घर हिंदु अविभक्त कुटुंबाच्या मालकीचें राहिलें असेल तर तें कुटुंबच कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र करदाता असतें, आणि सर्व हिशेब एका ठिकाणीं होतो. परंतु जेथें वांटे ठरलेले असून घर मात्र सामाईक आहे, तेथें प्रत्येक सहमालकाचा वांटा त्याच्या-त्याच्या उत्पन्नांत धरतात. समजा, चार भावांचें शहरांत एक घर आहे. भाडें दरमहा ३०,००० रुपये, वर्षाचे ३,६०,००० रुपये. घरपट्टी २४,००० रुपये. वार्षिक मूल्य ३,३६,००० रुपये. तीस टक्के, म्हणजे १,००,८०० रुपये, जाऊन २,३५,२०० रुपये उरले; प्रत्येकाच्या वांट्यास ५८,८०० रुपये. हा झाला सरकारी हिशेब. त्यांपैकीं शहरांत राहणाऱ्या भावानें दलालीचे ३०,००० आणि दुरुस्तीचे १८,००० रुपये आपल्या पदरचे दिले. हा खर्च त्याला एकट्याच्या वांट्यांतून वजा मागतां येत नाहीं. आणि तीस टक्के त्यालाच अधिक मिळावे असेंहि होत नाहीं. ते चौघांत वांट्याप्रमाणेंच विभागले जातात.

घरचा हिशेब निराळा. ३,६०,००० रुपयांतून घरपट्टी २४,०००, दलाली ३०,००० व दुरुस्ती १८,००० हे खर्च आधीं काढून, ज्यानें भरले त्याला द्यावे. मग उरलेले २,८८,००० रुपये चौघांनीं वांटून घ्यावे. प्रत्येकास ७२,००० रुपये येतात. एका वहींत ५८,८०० आणि दुसरींत ७२,०००. दोन्ही आंकडे बरोबर आहेत, कारण दोन वह्यांचे प्रश्न निराळे आहेत. सरकार विचारतें, ‘कर कशावर?’ घर विचारतें, ‘कोणाच्या हातीं काय पडावें?’

पुष्कळ कुटुंबांत या दोन वह्या एकमेकींत मिसळतात आणि तेथून मनें दुखावण्यास आरंभ होतो. गांवीं असलेला भाऊ म्हणतो, “दलाल तूं ठरविलास, मला विचारलें होतेंस काय? माझें भाडें पुरतें दे.” शहरांतील म्हणतो, “धांवपळ माझी, खर्च माझा, आणि वांटा सर्वांचा.” येथें कायद्यांतील एक गोष्ट न्यायनिवाड्यास उपयोगी पडते. ज्यानें एक पैहि खर्च केली नाहीं, त्या भावालाहि त्याच्या वांट्यावर तीस टक्क्यांची सवलत मिळालेलीच असते. ती सवलत दुरुस्ती, वसुली, दलाली अशा खर्चांसाठीं म्हणूनच कायद्यानें ठेविली आहे. खर्चाची म्हणून दिलेली सवलत आपण घ्यावयाची आणि खर्च मात्र दुसऱ्यानें सोसावयाचा, हें कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं. वर्षारंभींच चौघांनीं मिळून, अमुक रकमेपर्यंत दलाली व दुरुस्ती एकानें विचारल्याशिवाय करावी, त्यापुढें सर्वांस कळवून करावी, आणि दोन्ही वह्यांची नक्कल प्रत्येकास पाठवावी, एवढें ठरविलें तर पुष्कळ घरांतील अबोला टळेल.

एक-दोन अपवाद सांगून हा विषय पुरा करतों. घरापासूनच्या उत्पन्नाचें सदर इमारतीच्या मालकासाठीं आहे. जो स्वतः भाडेकरू असून मालकाच्या संमतीनें पोटभाडेकरू ठेवतो, किंवा ज्याचें उत्पन्न मोकळ्या जमिनीच्या भाड्याचें आहे, त्याची गणना या सदरांत होत नाहीं. त्याला तीस टक्के मिळत नाहींत. परंतु तें उत्पन्न मिळविण्यासाठींच केलेला प्रत्यक्ष खर्च, दलालीसुद्धां, पुराव्यानिशीं वजा मागतां येतो. घरें भाड्यानें देणें हाच ज्याचा धंदा, त्याच्याविषयीं न्यायालयांत पुष्कळ वाद झाले. २०१५ सालीं चेन्नई प्रॉपर्टीज या कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें उत्पन्न धंद्याचें ठरविलें. २०१७ सालीं मुंबईच्या एका बाजारांतील गाळ्यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें तें घरापासूनचें ठरविलें. प्रत्येक निर्णय त्या-त्या प्रकरणांतील वस्तुस्थितीवर आहे. राहत्या घरांपुरता तरी हा वाद २०२४ च्या वित्त-अधिनियमानें मिटविला आहे. मालकानें राहण्याचें घर भाड्यानें दिलें तर तें उत्पन्न धंद्याचें म्हणून दाखवितां येत नाहीं; २०२५-२६ या आकारणीवर्षापासून तें घरापासूनच्याच सदरांत धरावयाचें आहे. म्हणजे दलाली वजा मिळविण्यासाठीं भाड्याला धंद्याचें नांव देण्याचा मार्गहि बंद झाला.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. भाडेकरू मिळविण्याची दलाली आज वजा झाली नाहीं, तर पुढें घर विकतांना ती किंमतींत मिळवितां येईल, असें कित्येकांस वाटतें. तसें होत नाहीं. विक्रीच्या व्यवहारासाठीं दिलेली दलाली विक्रीच्या नफ्यांतून वजा होते, कारण ती त्या हस्तांतरासाठींच दिलेली असते. भाड्याच्या दलालीचा त्या हस्तांतराशीं संबंध नाहीं. दोन्ही पावत्यांवर ‘दलाली’ हा एकच शब्द असला, तरी शब्द एक म्हणून अर्थ एक होत नाहीं, हें व्याकरणाच्या पहिल्या धड्यांतच आपण शिकलेलों असतों.

तात्पर्य, विवरणपत्रांत भाडें बारा महिन्यांचें पुरतें लिहावें, घरपट्टीची पावती जपून ठेवावी, तीस टक्के निःसंकोच घ्यावे, आणि दलालीचें नांव तेथें काढूं नये. तिचें नांव काढावयाचें तें दोन ठिकाणीं: दलालाशीं बोलणी करतांना, आणि घरच्या वहींत. बोलणी दलाल ठरविण्यापूर्वीं व्हावीं, आणि घरच्या वहींतील ओळ पैसे दिल्याच्या दिवशींच लिहावी. कारण सहा महिन्यांनंतर प्रत्येक भावाला त्या खर्चाची आठवण निराळी असते.